मंडळी फुटली, चर्चला कुलूप लागलं: कुठल्याच गटात नसलेल्या घरांनी काय करावं?

शांतवन

सर्वांना सलाम.

पश्चिम महाराष्ट्रातलं तालुक्याचं गाव, मिशनच्या काळापासूनची प्रोटेस्टंट मंडळी (म्हणजे एका चर्चचे सभासद), ऐंशीच्या आसपास घरं. बांधकाम निधीचा हिशेब मागण्यावरून ठिणगी पडली. पाळकसाहेबांच्या बाजूची एक कमिटी झाली, विरोधातली दुसरी. काही दिवस एकाच चर्चमध्ये आठ वाजता एका गटाची आणि दहा वाजता दुसऱ्या गटाची उपासना चालायची. नाताळच्या तोंडावर हमरीतुमरी झाली, पोलिसांनी दोन्हीकडच्यांना नोटिसा दिल्या आणि आता चर्चला कुलूप आहे. प्रकरण धर्मादाय कार्यालयात गेलंय.

खरं कोण, खोटं कोण हे इथे विचारत नाही. दोन्ही गटांत नसलेली पंधरा-वीस घरं मधल्यामध्ये लटकलीत, त्यांच्यासाठी लिहिते आहे. काही जण रविवारी घरीच बसतात. काहींचा प्रार्थनेवरचा जीवच उडालाय. तरुण पोरं शहरातल्या बँडवाल्या फेलोशिपला जायला लागलीत. मुलांचा दृढीकरणाचा (कन्फर्मेशनचा) वर्ग अर्धवट राहिलाय. मे महिन्यात एका घरी लग्न आहे, एका घरी आजी अंथरुणाला खिळल्यात आणि त्यांच्या मातीचं काय होणार ही घरच्यांना धास्ती आहे. वर्गणी कोणाकडे द्यायची तेही कळत नाही.

सुरुवात कुठून करावी? ज्यांना अशा प्रसंगांची माहिती आहे त्यांनी नेमकं सांगावं. “प्रार्थना करा, प्रभू मार्ग दाखवील” हे आम्ही एकमेकांना रोज सांगतोच आहोत.

---

उंबरठा

सलाम ताई. तुमच्या यादीतलं एक एक नंतर येईलच, पण पाया एकच आहे: भक्ती आणि वाद एका खोलीत बसवू नका. ज्या घरात प्रार्थना, तिथे केसचा शब्द निघणार नाही. जिथे केसची बैठक, तिथे प्रार्थनासभा असं नाव द्यायचं नाही. फुटलेल्या मंडळ्यांतल्या घरगुती सभा बहुतेक वेळा इथेच बुडतात. “प्रभू, त्यांचे डोळे उघड, त्यांना सत्य दाखव” अशी प्रार्थना कोणी डोळे मिटून करतं आणि ती देवाला कमी, समोरच्याला जास्त ऐकवलेली असते. पुढच्या आठवड्यात दोन घरं येत नाहीत.

सुरुवात चार ते सहा घरांनी करा. वार शनिवार, संध्याकाळी सात, पाऊण तास. शनिवार का, तर रविवार मोकळा राहतो. ज्याला शेजारच्या गावी उपासनेला जायचं तो जातो, ज्याला एखाद्या गटाकडे जायचं तोही जातो, आणि तुम्ही “तिसरा गट” काढला असं म्हणायला कोणाला जागा राहत नाही. रविवारी दहाला सभा लावली की तुम्ही नाही म्हणालात तरी ते तिसरं चर्चच होतं.

क्रम साधा ठेवा. एक स्तोत्र सगळ्यांनी मिळून मोठ्यानं. एक गीत, सगळ्यांना पाठ असलेलं. मग मार्ककृत शुभवर्तमानाचा एक अध्याय. मार्कचे १६ अध्याय आहेत, आठवड्याला एक धरला तर जवळजवळ चार महिने “पुढच्या वेळी काय घ्यायचं” हा वादच उरत नाही. वाचणारा दर वेळी वेगळा, बायका आणि शाळकरी मुलं धरून. वाचून झाल्यावर दोन-तीन मिनिटं शांत बसा, मग ज्याला वाटेल त्यानं त्या अध्यायातलं मनाला लागलेलं एक वाक्य फक्त पुन्हा वाचून दाखवायचं. प्रवचन नको. जो दर आठवड्याला बोलतो तो महिन्याभरात पुढारी होतो, आणि पुढारी तयार झाला की लोक त्याच्या बाजूचे आणि विरोधातले व्हायला लागतात. नंतर गरजांच्या चिठ्ठ्या: कोण आजारी, कोणाची परीक्षा, कोणाचं काम सुटलं. एकानं एक चिठ्ठी उचलायची आणि त्या माणसासाठी दोन ओळी प्रार्थना करायची. शेवटी प्रभूची प्रार्थना आणि सगळ्यांनी मिळून आशीर्वादाची कृपा.

चहा द्या, जेवण ठेवू नका. एका घरी पोहे झाले की पुढच्या घरी कटलेट होतात आणि तिसऱ्या घराची पाळी आली की ते घर काहीतरी कारण सांगून मागे सरतं. ते घर बहुधा सर्वांत गरजू असतं.

माइक नको, ढोलकी नको, मोबाइलवर लाइव्ह तर अजिबात नको. हल्ली घरगुती प्रार्थनासभेवर शेजाऱ्यांची तक्रार यायला वेळ लागत नाही. दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा की आमचीच चार घरं बसणार आहोत, पावणेआठला उठतो. पंधराच्या वर माणसं झाली की दोन घरांत वाटून घ्या. व्हॉट्सॲप ग्रुप फक्त ॲडमिननं लिहिता येईल असा ठेवा आणि त्यावर वेळ आणि घर, इतकंच. जुन्या ग्रुपमधून बाहेर पडायची गरज नाही, तो म्यूट करा. बाहेर पडलात की त्याचाही अर्थ काढला जातो.

पैशाची थैली फिरवू नका. एखाद्या घराला गरज असेल तर किराणा थेट पोहोचवा. गोळा करायचीच वेळ आली, समजा दवाखान्याच्या बिलासाठी, तर वेगवेगळ्या घरांतल्या दोघांनी मोजायचं, वहीत लिहायचं, दोघांच्या सह्या आणि त्याच आठवड्यात पावती सगळ्यांना दाखवायची. पौलानं यरुशलेमच्या मदतीचे पैसे एकट्यानं नेले नाहीत, कोणी बोट दाखवू नये म्हणून मंडळ्यांनी निवडलेली माणसं बरोबर घेतली (२ करिंथकरांस ८:१९-२१). तुमचं भांडण हिशेबावरूनच सुरू झालंय, तेव्हा हे जास्तच काटेकोर पाळा.

प्रभुभोजन घरच्या सभेत आपलं आपण करू नका. दीक्षित पाळक लागतो हा भाग झालाच, शिवाय एकदा ते सुरू झालं की नवी मंडळी झाली असंच सगळे धरतात. बाहेरच्या पाळकाला तुमच्या गावात येऊन सेवा करायला बिशपांची किंवा स्थानिक पाळकाची संमती लागते आणि सध्या ती मिळणं कठीण. त्यापेक्षा महिन्यातून एका रविवारी शेजारच्या गावच्या मंडळीत तुम्ही जा. एक जीप सांगा, भाडं घरटी वाटून घ्या. आधी त्या पाळकसाहेबांना फोन करून सांगा की पाहुणे म्हणून येतोय, सभासदत्व मागायला नाही. त्यांच्याही मनावरचं ओझं हलकं होतं.

घरात भक्ती केली म्हणजे आपण वाट सोडली असं कोणी मनाला लावून घेऊ नये. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, सगळ्याच ख्रिस्तशिष्यांना त्यात जागा होती. त्यांची गीते आजही मराठी मंडळ्यांत गायली जातात.

---

दप्तरी

वर उंबरठा यांनी भक्तीचं सांगितलं, मी कागदांचं सांगतो. कागद बघणारी दोन-तीन माणसं वेगळी नेमा. तीच माणसं शनिवारची सभा चालवणारी नसावीत.

वर्गणी थांबवू नका. पुष्कळ मंडळ्यांच्या घटनेत ठरावीक काळ वर्गणी थकली की मतदार यादीतून नाव निघतं. वाद मिटून निवडणूक लागते तेव्हा तटस्थ घरांची नावं गायब असतात आणि मतदान फक्त दोन भांडणाऱ्या गटांचं होतं. पैसे कोणाच्याही हातात रोख देऊ नका. ट्रस्टच्या नावाचा क्रॉस चेक, सोबत “अमुक वर्षाची वर्गणी” असं पत्र, आणि ते चर्चच्या नोंदणीकृत पत्त्यावर स्पीड पोस्टनं. पाकीट परत आलं तर फोडू नका, तसंच ठेवा. दिलं होतं याचा तोच पुरावा. कोणाच्या वैयक्तिक यूपीआयवर एक रुपयासुद्धा नको, माणूस कितीही सज्जन असो.

दुसरं, ट्रस्टी नक्की कोण हे ऐकीव माहितीवर धरू नका. जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात परिशिष्ट-१ ची प्रमाणित नक्कल मागा. अर्ज आणि ठरलेली फी भरली की मिळते. त्यात ट्रस्टींची नावं आणि मालमत्तेची नोंद असते. ट्रस्टी बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज (सगळे चेंज रिपोर्टच म्हणतात) द्यावा लागतो, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५०, कलम २२. दोन कमिट्यांचे दोन चेंज रिपोर्ट पडले असतील तर निकाल लागेपर्यंत कोणाचंही “आम्हीच अधिकृत” हे म्हणणं अंतिम धरू नका. नक्कल हातात आली की निम्मी अफवा बंद होते. जुन्या मंडळ्यांत हमखास दिसणारा प्रकार म्हणजे परिशिष्टावर अजून वारलेल्या ट्रस्टींची नावं असणं. तसं असेल तर भांडणाचं मूळ तिथेही आहे असं समजा.

हिशेब मागायचा तर त्याच कार्यालयात ट्रस्टचे लेखापरीक्षण अहवाल दाखल असायला हवेत, त्यांच्या नकला मागा. दाखलच नसतील तर तेही लेखी उत्तरात येऊ द्या. दरवर्षी हिशेब तपासून घेणं हे ट्रस्टींचं कर्तव्य आहे, कोणाची मेहेरबानी नाही. जमीन विकायची, किंवा बिगरशेती जागा तीन वर्षांपेक्षा आणि शेतजमीन दहा वर्षांपेक्षा जास्त मुदतीनं भाड्यानं द्यायची, तर कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. भांडणाच्या धुरळ्यात कंपाउंडलगतचे गाळे गुपचूप दिले जातात, त्यावर डोळा ठेवा. मालमत्ता धोक्यात आहे असं दाखवता आलं तर कलम ४१-ई खाली मनाईचा आदेश मागता येतो, आणि गैरकारभार सिद्ध झाला तर ४१-डी खाली ट्रस्टी निलंबित किंवा दूरही होतो. अर्ज वकिलाकडूनच लिहून घ्या, पण सही करण्याआधी स्वतः वाचा. आरोप जेवढे कागदावर दाखवता येतात तेवढेच लिहा.

चर्चची इमारत कोणाची, यावर घरोघरी मतं असतात. २०१३ मध्ये गुजरातेतल्या ब्रदरन मंडळीच्या मालमत्तेचा निकाल सर्वोच्च न्यायालयानं दिला, तो वकिलाला दाखवा. १९७० साली नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं तेव्हा मंडळ्यांनी एकीकरणाचे ठराव केले होते. नुसत्या ठरावानं सार्वजनिक ट्रस्टची मालमत्ता दुसऱ्याकडे जात नाही, त्यासाठी विश्वस्त कायद्यातली रीत पाळावी लागते, असं त्यात ठरलं. तुमची जागा कोणत्या ट्रस्टच्या नावावर आहे हे प्रॉपर्टी कार्ड काढून पाहा. स्थानिक मंडळीच्या नावावर असेलच असं नाही, पुष्कळदा ती जुन्या मिशनच्या ट्रस्ट असोसिएशनच्या नावावर निघते.

आता कुलपाआड काय आहे ते. बाप्तिस्मा, दृढीकरण, लग्न, दफन अशी चार रजिस्टरं आत असतील. पावसाळ्याआधी त्यांचा बंदोबस्त करा, ओल आणि वाळवीपुढे कोर्टाची तारीख चालत नाही. दोन्ही गटांच्या आणि एका तटस्थ घराच्या सहीनं पोलिस ठाण्याला पत्र द्या की पंचांसमोर कुलूप उघडून रजिस्टरांची यादी आणि पानोपान फोटो घ्यायचे आहेत, वस्तू हलवायची नाही. इतक्या मर्यादित मागणीला दोन्ही गट सहसा तयार होतात, कारण नोंदी दोघांच्याही पोरांच्या आहेत. वीजबिलही बघा. बँकेला दोन कमिट्यांची दोन पत्रं गेली की खातं गोठतं, मग बिल थकतं, मीटर जातो आणि पुन्हा जोडणीला कोणाची सही चालणार हा नवा वाद. ग्राहक क्रमांकावर बिल कोणालाही भरता येतं. भरा, पावती फाइलला लावा.

लग्नाचं. भारतीय ख्रिस्ती विवाह अधिनियम १८७२ प्रमाणे लग्न लावणाऱ्याला बिशपांकडून दीक्षा हवी किंवा सरकारचा परवाना हवा. ओळखीतला कुठलाही पास्टर चालत नाही. अधिकार नसताना लग्न लावणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगितली आहे, आणि त्रास नंतर पासपोर्ट-व्हिसाच्या वेळी त्या जोडप्याला होतो. सोपा मार्ग म्हणजे नवरा किंवा नवरीपैकी दुसऱ्या पक्षाच्या मंडळीत लग्न लावणं. तिथले पाळक बाप्तिस्म्याचा दाखला आणि तुमच्या मंडळीचं ना-हरकत पत्र मागतील. पत्र द्यायला इथे कोणी नाही, तर बिशप कार्यालयाकडून मागा, आत्ताच, मेची वाट बघू नका. तेही अडलं तर विशेष विवाह अधिनियमाखाली नोंदणी करा. त्यात नोटीस दिल्यावर ३० दिवस थांबावं लागतं. मग कुठल्याही चर्चमध्ये आशीर्वादाची उपासना घेता येते.

मातीचं. दफनभूमी चर्चच्या ट्रस्टची, वेगळ्या सिमेट्री कमिटीची की नगरपरिषदेची, हे आधी शोधा. नगरपरिषदेची असेल तर दोन्ही गटांपैकी कोणाचाही संबंध येत नाही. चर्चची असेल तर आजींच्या घरच्यांनी आजच दोन्ही गटांतल्या एकेका जाणत्या माणसाला घरी बोलावून शब्द घ्यावा की दफनाला कोणी आडवा येणार नाही. मरणाच्या वेळी असा शब्द कोणी देत नाही, आधी बहुतेक जण देतात. खड्डा खणणाऱ्याचा नंबर, पेटी कुठून आणायची, शेजारच्या गावचे कोणते पाळक येतील, कुटुंबाची जुनी जागा कोणत्या ओळीत, एवढं एका कागदावर लिहून फ्रिजवर लावा. मृत्यूची नोंद २१ दिवसांत.

---

जुना_डीकन

सर्व वाचलं. एक हरकत नोंदवतो. घरगुती सभा म्हणजे फाटाफुटीचं बियाणं आहे. आज शनिवार, उद्या रविवार. तटस्थ घरांनी चर्चच्या दारात, बाहेर का होईना, रविवारी दहाला उभं राहून स्तोत्र वाचावं आणि घरी जावं. दोन्ही गटांना लाज वाटली पाहिजे.

---

उंबरठा

डीकनसाहेब, तुमची भीती रास्त आहे. म्हणूनच प्रवचन नको, थैली नको, प्रभुभोजन नको, रविवार नको असं लिहिलं. या चारांतलं एकही सुरू झालं नाही तर सभा सभाच राहते. दारात उभं राहायचं मात्र सांगू नका. नोटिसा निघालेल्या असताना कुलपासमोर जमाव म्हणजे पोलिसांच्या दृष्टीनं तिसरा पक्ष. त्यातून मुलांसमोर पुन्हा आरडाओरडा झाला तर ती मुलं परत कधी येतील?

दृढीकरणाच्या वर्गाचा मुद्दा राहिला होता. उरलेले धडे शेजारच्या मंडळीच्या पाळकांना विचारून पुरे करता येतात, दर शनिवारी सभेआधी अर्धा तास. दहा आज्ञा, प्रेषितांचा विश्वासांगिकार, प्रभूची प्रार्थना आणि संस्कारांचा भाग घरच्या मोठ्यांना घेता येतो. परीक्षा आणि विधी बिशपांच्या पुढच्या भेटीत, दुसऱ्या गावी झाला तरी चालतो. हजेरीची वही मात्र ठेवा, ती विचारतात.

---

परिचारिका

“प्रार्थनेवरचा जीव उडालाय” या वाक्यावर लिहायचं आहे, कारण अशा माणसांना बाकीचे प्रार्थनाच जास्त करायला सांगतात.

ज्या माणसानं आपला बाप्तिस्मा केला, आईच्या खाटेपाशी बसून प्रार्थना केली, त्याच्यावरचा भरवसा गेला की त्याच्या आवाजात ऐकलेली वचनंही नकोशी होतात. असं होणं स्वाभाविक आहे, त्याला अविश्वास म्हणू नका. अशा वेळी स्वतःचे शब्द शोधायला लावू नका, तयार शब्द हातात द्या. स्तोत्र ५५ घ्या. “शत्रूनं निंदा केली असती तर सोसलं असतं, पण तू तर माझा सोबती, आपण मिळून देवाच्या घरी जात होतो” या अर्थाच्या ओळी (१२ ते १४) थेट या दुखण्यावरच्या आहेत. स्तोत्र १३ सहाच ओव्यांचं आहे, रोज रात्री एकदा वाचायला पुरतं. स्तोत्र ७४ पवित्रस्थान उद्ध्वस्त झाल्याचं आहे. आणि ज्याला कशातच आशा दिसत नाही त्याला ८८ द्या. ते अंधारातच संपतं, शेवटी आभार मानत नाही, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. वर समजावणी नको, नुसतं वाचू द्या.

त्या घरी जाल तेव्हा “या रविवारी का नाही दिसलात” असं विचारू नका. दळण आणून द्या, आजींजवळ दोन तास बसा म्हणजे सुनेला झोप मिळेल. कोण कोणाकडे कोणत्या दिवशी जाणार ते ठरवून घ्या, नाहीतर पहिल्या आठवड्यात दहा जण येतात आणि तिसऱ्या आठवड्यात कोणीच नाही.

झोप उडाली, जेवण तुटलं, कामात लक्ष लागत नाही, आणि हे दोन आठवड्यांपेक्षा जास्त चाललंय, तर डॉक्टरांकडे न्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतलाइनला १४४१६ वर चोवीस तास मोफत मराठीत बोलता येतं. कोणी “मेलेलं बरं” असं बोललं तर ते नुसतं बोलणं समजू नका, त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी फोन लावा. उपवास आणि प्रार्थनेचा ताप त्या माणसाला देऊ नका. औषध चालू असेल तर ते बंद करायला सांगणाऱ्या कोणालाही घरात येऊ देऊ नका.

मुलांना खोटं सांगू नका. “पैशाच्या हिशेबावरून मोठ्यांचं भांडण झालंय, ते मिटायला वेळ लागेल, देव चिडलेला नाही आणि तुझी काही चूक नाही.” दहा वर्षांच्या मुलाला इतकं पुरतं. दुसऱ्या गटातल्या घरची मुलं तुमच्या मुलांबरोबर एकाच वर्गात असतात. त्यांचं खेळणं तोडू नका.

---

वसईकर

आमच्याकडे कॅथलिक धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) रचना वेगळी आहे, मालमत्ता आणि नेमणुका धर्मप्रांताच्या, म्हणजे बिशपांच्या अखत्यारीतल्या प्रदेशाच्या, हाती असतात, त्यामुळे असं कुलूप सहसा लागत नाही. पण एक गोष्ट सगळ्यांनाच लागू आहे आणि ती या धाग्यात यायलाच हवी.

वाद पैशाचा असतो तोवर समेट, मध्यस्थ, थांबणं हे सगळं ठीक. त्या भांडणाच्या पोटातून कुठल्याही मुलाचा किंवा मुलीचा लैंगिक छळ बाहेर आला तर मात्र तो मंडळीच्या बैठकीत न्यायचा विषय राहत नाही. पोक्सो कायदा २०१२, कलम १९: ज्याला माहिती आहे त्यानं पोलिसांना कळवायचंच, न कळवणं हाही गुन्हा. १०९८ या मुलांच्या मदतलाइनवर फोन करता येतो. मुलाला पुन्हा पुन्हा प्रश्न विचारू नका, कमिटीपुढे उभं करू नका, जे सांगितलं ते त्याच्याच शब्दांत तारीख घालून लिहून ठेवा. आरोपीला “आधी विचारून घेऊ” म्हणून फोन करू नका. तेवढ्यात पुरावे जातात आणि त्या घरावर दबाव सुरू होतो.

लोक इथे मत्तय १८ काढतात: आधी एकांतात सांग, मग दोघांना घेऊन जा, मग मंडळीला. ते भावाभावांतल्या अपराधासाठी आहे. लेकराला त्याच्या छळणाऱ्यासमोर एकांतात बसवा असं तिथे कुठेही नाही, आणि त्याच अध्यायाच्या सुरुवातीला लहानग्यांना अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधण्याची गोष्ट आहे, ती वाचायची राहून जाते. १ करिंथकरांस ६ चंही तेच. आपसातले व्यवहाराचे दावे हा त्याचा विषय, गुन्हा लपवणं नाही. मंडळीच्या वडिलांवरच्या (म्हणजे पुढाऱ्यांवरच्या) आरोपाला दोन-तीन साक्षी लागतात असं १ तीमथ्य ५:१९ सांगतं, आणि लगेच पुढची ओवी सांगते की दोषी असतील त्यांना सर्वांसमोर दोष दे. दोन्ही ओव्या एकत्र वाचा.

कॅथलिकांसाठी: पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये काढलेल्या आणि २०२३ मध्ये कायम केलेल्या नियमांप्रमाणे प्रत्येक धर्मप्रांतात अशा तक्रारी घेण्याची व्यवस्था असणं बंधनकारक आहे. तिथे तक्रार द्याच, पण ती पोलिस तक्रारीची जागा घेत नाही. चर्चमध्ये किंवा मिशनच्या संस्थेत काम करणाऱ्या बायकांच्या लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती हवी, कमी असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे.

---

हडपसर_भगिनी

तरुण पोरांच्या फेलोशिपबद्दल. अडवू नका. अडवलीत तर सांगायचं बंद करतील. त्यापेक्षा एखाद-दुसऱ्या रविवारी घरातलं मोठं माणूस बरोबर जाऊ दे आणि सहज चार प्रश्न विचारू दे. ट्रस्टची नोंदणी आहे का आणि वर्षाचा हिशेब सभासदांसमोर ठेवतात का? जागा आणि बँक खातं ट्रस्टच्या नावावर की पास्टर आणि त्यांच्या बायकोच्या? पास्टर चुकले तर त्यांना थांबवणारं कोण आहे? मागच्या काही वर्षांत जी माणसं सोडून गेली त्यांच्याबद्दल कसं बोलतात? शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा. सोडून जाणारा प्रत्येक जण “शापित” किंवा “बंडखोर” असेल तर उद्या तुमचं पोरही त्याच यादीत.

पहिल्याच महिन्यात पुन्हा बाप्तिस्मा घ्यायला लावणं, दशांश (उत्पन्नाचा दहावा भाग) पगाराच्या स्लिपवरून मोजणं, घरच्यांशी बोलणं तोडायला सांगणं, डॉक्टर नको म्हणणं, ही चिन्हं दिसली की पोराला तिथून उठवा. यातलं काही नसेल आणि पोरं खरंच वचन शिकत असतील तर जाऊ द्या, फक्त सहा महिने सभासदत्वाचा फॉर्म भरू नका आणि जुन्या मंडळीतून नाव काढून घ्यायचं पत्र कोणालाही देऊ नका. दुखावलेला माणूस पहिल्या प्रेमळ हाताला धरतो. हात चांगला आहे की नाही हे कळायला वेळ लागतो.

---

शांतवन

सगळ्यांचे मनापासून आभार. परिशिष्टाच्या नकलेसाठी अर्ज या सोमवारी देतोय, आणि आजींच्या घरच्यांनी दोन्हीकडच्या एकेका वडिलांना चहाला बोलावलंय.

दोन शंका उरल्यात. शनिवारी एखाद्या गटातलं कोणी आलं तर बसू द्यायचं का? आणि पुढच्या नाताळात कॅरलची फेरी कशी काढायची? दोन फेऱ्या निघाल्या तर गावात हसू होईल.

---

उंबरठा

बसू द्या. दारात विचारपूस नको. चिठ्ठी उचलायची पाळी त्यांनाही द्या. फक्त केसचा विषय निघाला तर त्या दिवशी ज्यांचं घर असेल त्यांनी “हे इथे नाही” एवढंच म्हणून पुढचं गीत काढायचं. हे कोण म्हणणार ते आधी ठरवून ठेवा, नाहीतर सगळे एकमेकांकडे बघत बसतात आणि तोवर बोलणारा बोलून जातो.

कॅरलचं नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात बोलून घ्या, डिसेंबर उजाडला की दोन्हीकडचे पेट्रोमॅक्स आणि सांताचा ड्रेस ठरलेला असतो. फेरी तरुणसंघाच्या किंवा कुठल्याच कमिटीच्या नावानं नको. मुलांची म्हणून काढा, दोन्ही गटांतली आणि मधल्या घरांतली, बरोबर चार आया. प्रत्येक घरी दोनच गीतं, एक प्रार्थना, मुलांनीच केलेली. डबा फिरवायचा नाही. हा एक नियम ठेवलात तर निम्मे आक्षेप उरत नाहीत, कारण फेरीच्या पैशावर हक्क कोणाचा हाच दरवर्षीचा खरा तंटा असतो. ऐंशी घरं एका रात्रीत होत नाहीत, दोन रात्री धरा आणि घरांचा क्रम गल्लीप्रमाणे लावा, गटाप्रमाणे नाही.

---

दप्तरी

रस्त्यावरून गात जायचं असेल तर पोलिस ठाण्यात आधी एक साधं पत्र द्या: तारीख, वेळ, मार्ग, जबाबदार दोघांची नावं, स्पीकर नाही. पोच घ्या. सोमवारच्या अर्जाबरोबर ट्रस्टचा नोंदणी क्रमांक लागेल. जुन्या वर्गणीच्या पावतीवर तो छापलेला असतो, घरी एखादी शोधा.